एका तारेचा सूर

इथिओपियातून आलेल्या बँडचा कार्यक्रम ऐकायला मी आप्पांना घेऊन गेले होते. माझे वडील आयुष्यभर तमाशात तुणतुणं वाजवत आले. मंचावर ड्रम होते, सॅक्सोफोन होता आणि मध्ये एक म्हातारा एकाच तारेचं मासिन्को घेऊन बसला होता. ते सारंगीसारखं गजानं वाजवतात.

जॅझ सुरू झालं आणि सॅक्सोफोननं सभागृह भरून टाकलं. म्हाताऱ्याचा गज नुसता हलताना दिसत होता.

"बुडवलं गं त्याला," आप्पा पुटपुटले.

फडात कीबोर्ड आल्यावर त्यांचं तुणतुणंही असंच बुडालं होतं. तरी त्यांना शेवटपर्यंत मंचावर उभं ठेवलं होतं, शोभेला. दोन संगीतं एकत्र येतात म्हणजे एकानं वाजायचं आणि दुसऱ्यानं फक्त दिसायचं, असंच असतं का?

इतक्यात सॅक्सोफोनवाल्यानं म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि वाद्य ओठांवरून खाली घेतलं. ड्रमही थांबले. ती एकटी तार थरथरत, जुनं काही सांगत राहिली. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

टाळ्या झाल्या. आप्पांनी मात्र टाळी वाजवली नाही.

"पुढच्या गाण्यातही थांबतील ना गं त्याच्यासाठी?" त्यांनी विचारलं.