सोड्याच्या पाण्यातला गालिचा

लातूरच्या एका हॉटेलातले गालिचे धुण्याचं काम उरकून मी नांदेडला परत आलो, तेव्हा दुकानात धुवायला आलेला गालिचा मागच्या कठड्यावर वाळत होता. त्याचा लाल रंग सुटून पांढरी वेलबुट्टी गुलाबी झाली होती.

"शेठ, मी बांधलेली चिठ्ठी वाचली नाही का?"

"वाचली की." शेठनी ती काढून माझ्या हातात दिली. "एका गालिच्याला चार दिवस लावून कसं चालंल? वीस वर्षांपासून सतरंज्या धुवून राहिलो मी."

सतरंजी सुती असते. तिला धुण्याचा सोडा, पाइपचं पाणी, सगळं चालतं. हा गालिचा लोकरीचा, हाताने गाठी मारून विणलेला. लोकरीला सोडा सोसत नाही. म्हणून आम्ही आधी टेस्ट घेतो. कोपरा ओला करायचा आणि त्यावर पांढरं कापड दाबून धरायचं. साध्या पाण्याने कापड कोरं राहिलं होतं. सोड्याच्या पाण्याने लाल झालं. चिठ्ठीवर मी लिहिलं होतं: सोडा नको, भिजवू नका. मी आल्यावर करतो, चार दिवस लागतील.

हे मला पुण्यात आठ दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं. फी शेठनी भरली होती. मी हदगावजवळच्या खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर. बी.ए. होऊन दोन वर्षं रिकामा होतो. शेठनी कामावर घेतलं, ट्रेनिंगला पाठवलं, माझं सर्टिफिकेट फ्रेम करून काउंटरमागे लावलं. त्यांचे उपकार मी आजही मानतो.

ते सर्टिफिकेट बघूनच देगलूरच्या एक मावशी गालिचा ठेवून गेल्या होत्या. त्यांचं माहेर तेलंगणातलं. वडील तिकडे गालिचे विणायचे. हा त्यांनी मावशींच्याच लग्नासाठी विणला होता. आता मावशींना तो नातीच्या लग्नात द्यायचा होता.

संध्याकाळी त्या आल्या. गालिचा पाहिला आणि खालीच बसल्या. गुलाबी डागांवरून हात फिरवत राहिल्या.

"रंगच कच्चा होता, मावशी," शेठ म्हणाले. "जुना माल. आमी काय करणार?"

"आमचा नान्ना कच्चा रंग वापरायचा न्हाई." वडिलांना त्या नान्ना म्हणत. मग माझ्याकडे वळल्या. "तू शिकलेला हायस, बाबा. तू सांग. कच्चा होता का?"

चिठ्ठी माझ्या खिशात होती. शेठ माझ्याकडे बघत होते.

"जुन्या मालाचं होतं असं कधीकधी," मी म्हणालो.

मावशींनी गालिचा गुंडाळायला घेतला. मी हात लावायला गेलो.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "म्हंजे नान्नाच चुकला."

त्या गेल्यावर शेठनी चहा मागवला. "बरं सांभाळलंस," म्हणाले.

आता मी टेस्ट गिऱ्हाइकासमोरच घेतो आणि कापड त्यांच्या हातात देतो. शेठना ते आवडत नाही. सोड्याचं पोतं अजून कोपऱ्यात आहे, सर्टिफिकेटही भिंतीवर आहे. ट्रेनिंग झालं नसतं, तरी त्या दिवशी मी मावशींना तेच सांगितलं असतं. फक्त ते खोटं आहे हे मला कळलं नसतं.