गावरान मागुराचा नर

माझा अभ्यास मागूर माशाच्या शुक्राणूंचा. गोल डोकं, जरासा मधला भाग आणि लांब शेपूट. एवढंसं बघायला पोरगी कॉलेजात जाते, हे नवेगाव बांधात सांगायची सोय नाही. कुणी विचारलं की बाबा 'मासोळ्यांचं काहीतरी' म्हणून मोकळे होतात.

बाबा जन्मभर तलावात जाळं टाकत आले. गावरान मागूर आता क्वचितच सापडतो, आणि त्याची त्यांना मनापासून हळहळ वाटते. यंदा एक जोडी मिळाली तेव्हा त्यांनी पिल्लं काढायचं ठरवलं. मागुराचा नर दाबून काही निघत नाही, तो कापावाच लागतो. मग त्याच्या वृषणाचे तुकडे फडक्यात घेऊन मादीच्या अंड्यांवर पिळायचे. त्यातला एक थेंब माझ्या काचेला, असं आमचं ठरलं.

मादीची अंडी परातीत काढून झाली होती. मी खिडकीत कॉलेजचा सूक्ष्मदर्शक लावत होते. बाबांनी नर कापला, मायनं तुकडे केले आणि वाटी आणून दिली. बाबांनी तुकडे पिळले, परातीत पाणी ओतलं, मी थेंब काचेवर घेतला.

डोकी स्वच्छ दिसत होती, शेपट्याही. आकृती काढायला याहून चांगली काच मिळाली नसती. पण एकही हलत नव्हता. मी वाटी पाहिली. मायनं तुकडे मोरीत पांढरं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुतले होते. आमच्याकडे न धुतलेली मासोळी कुणाच्या हातात देत नाहीत.

"हालून काऊन नाई राहिले?" बाबांनी भिंगाला डोळा लावून विचारलं.

मी हळूच सांगितलं. नराच्या पोटात हे निजलेले असतात. पाणी लागलं की जागे होतात, मिनिटभर पळतात आणि संपतात. आपले मोरीतच पळून संपले. बाबांनी मोरीकडे पाहिलं. माय तिथं मासोळी कापायची पावशी घासत होती. मला तिचा राग आला आणि बाबांकडे पाहून रडू आलं.

दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडली, म्हणजे वाया गेली. मायनंच आधी पाहिली.

"पांढरी काऊन पडली जी?"

"पाणी गरम झालं असन," बाबा म्हणाले.

पुढच्या वेळी परात सावलीत ठेवू, असं ती म्हणाली. बाबा हो म्हणाले. माझ्या आकृतीचं कॉलेजात कौतुक झालं. दुसरा नर अजून त्यांच्या जाळ्यात आलेला नाही.