दोन रिसिव्हर आणि आईंची खोली

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी मी आणि माझा नवरा निखिल होम थिएटरचा रिसिव्हर घ्यायला निघालो. रिसिव्हर म्हणजे तो जाडजूड डबा, ज्याला टीव्ही आणि सगळे स्पीकर जोडतात... मलाही हे नुकतंच कळलंय.

निखिलचा अभ्यास मात्र दिवाळीपासून चालू होता. यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघून बघून त्याने दोन मॉडेल्स नक्की केली होती. एक दणदणीत, हॉलच्या चारी बाजूंनी आणि छतावरूनही आवाज देणारं. दुसरं त्यामानाने साधं, पण त्यातून हॉलमधला आवाज दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरवरही नेता येतो. बिबवेवाडीतल्या आमच्या टू बीएचकेमध्ये दुसरी खोली म्हणजे चार पावलांवर. त्यामुळे ते दुसरं मॉडेल जवळपास बादच होतं.

आमच्या आतल्या खोलीत निखिलच्या आई असतात. मूळच्या यवतमाळच्या. इतकी वर्षं पुण्यात राहून त्यांची वऱ्हाडी जराही पुणेरी झालेली नाही, आणि आमची लेक सई त्या बोलीवर फिदा आहे. गेल्या वर्षी त्या पडल्या, मणक्याला मार बसला. आता फार वेळ बसवत नाही, नजरही अधू झालीय... बहुतेक वेळ पडूनच असतात.

संध्याकाळी आम्ही तिघं हॉलमध्ये टीव्ही बघत हसलो की आतून आवाज यायचा, "काहून हासून राह्यले रे?" मग कोणीतरी आत जाऊन तो विनोद समजावून सांगायचं. तोवर त्यातली गंमत गेलेली असायची. हळूहळू आईंनी विचारणंच सोडलं. आम्हाला वाटायचं, डोळा लागला असेल.

त्यांच्या खोलीत वेगळा टीव्ही लावायचं आम्ही सुचवलं होतं. त्या म्हणाल्या, "मले एकटीले टीव्ही कायले पाहिजे? एकट्यानं हासता येते का?" विषय तिथेच संपला होता.

तर त्या शनिवारी दुकानात डेमोसाठी एक वेगळी खोली होती. जाड दार, अंधार, मऊ सोफा. दुकानदार काकांनी निखिलचं आवडतं मॉडेल सुरू केलं आणि डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. मी खरंच मान खाली घातली... निखिलचा चेहरा तर जत्रेत पाळण्यात बसलेल्या मुलासारखा झाला होता.

तेवढ्यात त्याला ऑफिसमधून फोन आला. तो बाहेर गेला, दार लागलं. बराच वेळ झाला तरी परत येईना, म्हणून मी बघायला गेले. फोन केव्हाच संपला होता. तो बंद दाराला टेकून, मान खाली घालून उभा होता.

"ऐक जरा," तो म्हणाला.

मीही त्याच्या शेजारी उभी राहिले. आत कुणीतरी कुणाशी तरी बोलत होतं, पण बाहेर नुसती गुणगुण येत होती. मधेच धाडकन काहीतरी वाजायचं. हसण्यासारखं काही होतं की रडण्यासारखं... काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"आईला रोज हे असं ऐकू येतं," निखिल म्हणाला.

चार पावलांवर तर आहेत, असंच मी इतके दिवस धरून चालले होते.

आत येऊन निखिलने दुसऱ्या मॉडेलची चौकशी केली. काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "अहो, मग आधी सांगायचं ना. मी मघापासून हेलिकॉप्टर उडवतोय." पण मग त्यांनी नीट समजावलं, की काही रिसिव्हर दुसऱ्या खोलीत फक्त गाणी पाठवतात, टीव्हीचा आवाज नाही, हा पाठवतो. बाहेरच्या काउंटरवर एक स्पीकर जोडून त्यांनी ते ऐकवलंसुद्धा.

घरी निखिलने भिंतीच्या कडेने स्वतः वायर नेली आणि आईंच्या उशाजवळच्या फळीवर छोटा स्पीकर ठेवला. आईंना संशय. "याचा आवाज कमी करता येते ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

रविवारी मॅच होती. आम्ही तिघं हॉलमध्ये. चेंडू उंच उडाला, आम्ही श्वास रोखला... आणि आतून आईंचा खणखणीत आवाज आला, "सोडला रे सोडला!" कॅच खरंच सुटला होता. त्यानंतर त्या थांबल्याच नाहीत. कॉमेंटेटरचं म्हणणं खोडून काढू लागल्या, कॅप्टनला अक्कल शिकवू लागल्या.

सई धावत आत गेली ती परत आलीच नाही. मी चहा द्यायला गेले आणि तिथेच टेकले. थोड्या वेळाने निखिलही उशी घेऊन आला आणि जमिनीवर बसला. मग हॉलमध्ये टीव्ही एकटाच चालू, आणि आम्ही चौघं आत मॅच ऐकतोय. रिप्ले असला की निखिल पळत जाऊन बघून यायचा आणि आम्हाला सांगायचा.

"एवढं मोठं आणलं, तिकडं बसून पाहा ना आता," आई म्हणाल्या. कोणी हललं नाही. त्यांनीही पुन्हा म्हटलं नाही, उलट सईला जागा व्हावी म्हणून जरा सरकून घेतलं.

आता बहुतेक संध्याकाळी हे असंच चालतं. आईंची बडबड पुन्हा घरभर असते. वेळेत कळलं, एवढ्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे... हॉलमधला छोटा सोफा आतच हलवायचं ठरतंय. कुठली भिंत रिकामी करायची, ते आईंनी पडल्या पडल्या सांगूनही टाकलंय.