शेंदरी भुसा

आगीत सगळं जळून जातं असं ज्याने कुणी पहिल्यांदा सांगितलं, त्याला आमच्या मरोळच्या शेतात आणून उभा करायला हवा होता.

आमचं बहुतेक शेत खोलगट, पाणी धरून ठेवणारं. उंचावर एकच चिंचोळी पट्टी होती. उन्हाळ्यात तिच्यावर शेण, पाला, गवत पसरून आम्ही राब भाजायचो आणि त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरून खालच्या शेतात लावायची रोपं करायचो. ती पट्टी गेली की सगळं शेत गेलं, हे घरात कुणाला सांगावं लागत नसे.

एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर रस्त्याच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला. लोखंडाला गंज धरू नये म्हणून लावतात तो शेंदरी रंग तिथे बनायचा. सांडलेलं तेल आणि रंग टिपायला कामगार लाकडाचा भुसा पसरत. त्या भुशाचे ढीग साचले तसा मॅनेजर पपाला म्हणाला, "घेऊन जा ना. झकास भाजेल तुमचा राब." फुकट ते पौष्टिक! पपाने चार गाड्या भरून आणल्या आणि वर त्याचे आभारही मानले.

भुसा दोन दिवस धुमसला. शेंदरी रंग पिवळट पडला तेव्हा पपा आईला म्हणाला, "बघ, गेला ना रंग? आगीत काय उरतं गं?" पिढ्यान्‌पिढ्या आम्ही शेण आणि पालाच जाळला होता. त्याची राख म्हणजे जमिनीचं अन्न. पपाला दुसरी राख माहीतच नव्हती, आणि ज्याला माहीत होती तो खुर्चीत बसून चहा पीत होता.

रोपं बोटभर वाढली आणि मेली. मातीला तेलाचा उग्र वास येई, पाणी घातलं तर आत न मुरता वरच्यावर पळे. त्या वर्षी मावशीकडून मागून आणलेल्या रोपांवर जेमतेम लावणी झाली. मी पपाच्या मागे लागले, "जाऊन विचार ना त्याला!"

"काय विचारू? त्याने काय जबरदस्ती केली?"

मी चौदा वर्षांची होते. शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांना मी जवळजवळ ओढतच शेतावर आणलं. त्यांनी माती चोळली, हुंगली. "तेल मातीतले बारीक जीव खातात," ते म्हणाले. "पण त्यांना हवा लागते, ओल लागते, शेणखत लागतं. उकरत राहा."

पपा दोन वर्षं उकरत राहिला. शेणखत घालायचा, ओल राखायचा, पुन्हा खालीवर करायचा. हाताची सालपटं निघाली. अखेर वास गेला, गांडुळं दिसली, गवत उगवलं. पपा इतका खूश झाला की त्याने मास्तरांना जेवायला बोलावलं.

जेवताना मास्तरांनी सहज विचारलं, कारखान्यात कोणता रंग बनतो? हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. त्यांचा घास हातातच राहिला. "शेंदरी म्हणजे त्यात शिसं. ते कुजत नाही, जळत नाही, कुठला जीव त्याला खाऊन संपवत नाही. चुना घातला तर थोडं बांधून राहील, पण राहील इथेच. वरची वीतभर माती काढून टाका."

पपाने माती खरवडून गाडीत भरली. मी म्हटलं, "जिथून आली तिथेच नेऊ." गाडी कारखान्याच्या गेटवर थांबली तसा मॅनेजर नाकाला रुमाल लावून बाहेर आला. "ए, इथे घाण टाकायची नाही! माणसं काम करतात इथे."

चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या अंगाची लाही झाली. पपाने बैल वळवले.

"मग नाल्यात तरी लोट!" मी ओरडले.

"नाल्याच्या खाली दुसऱ्याचं शेत आहे ना गं."

ती सगळी माती त्याने पट्टीच्याच अर्ध्या भागावर रचली आणि भोवती दगडांचा बांध घातला. उरलेल्या अर्ध्यावर निम्मीच रोपं व्हायची. निम्मं शेत कायमचं पडीक राहिलं.

पुढच्या रविवारी चर्चमधल्या मिस्साहून परतताना गेटवर मॅनेजर उभा होता. त्याने हात केला. पपानेही केला. मी पपाशी आठ दिवस बोलले नाही. मॅनेजरला मात्र मी आयुष्यात एक शब्दही बोलले नाही.