एक बुरूज माझ्या नावावर

वैशाख सरत आला होता. डोंगरी गड चढणं माझ्या देहाला झेपत नाही, म्हणून सपाटीवरची एखादी मातीची जुनी गढी तरी पाहावी, असं ठरवलं आणि सकाळच्या गाडीने लासलगावला उतरलो. पुढे बैलगाडी. हाडं खिळखिळी झाल्यावर शेतांपलीकडे पांढराफटक बुरूज दिसला, आणि मी सगळं दुखणं विसरलो.

गढीखाली सखूबाई नावाची म्हातारी रिकामी पाटी घेऊन बसली होती. तिने मला भाकरी-ठेचा दिला. इकडची घरं धाब्याची (मातीच्या सपाट छपराची). पावसाआधी त्यावर गढीची पांढरी माती पसरली की घर गळत नाही. पण गावाचा दंडक असा, की आपोआप ढासळलेली मातीच उचलायची. उभ्या भिंतीला कुदळ लावायची नाही. म्हणून तर गढी टिकली आहे.

"यंदा ढेकूळबी पडलं नाय," ती म्हणाली. "लेक बाळंतपणाला आलीय. मागल्या पावसात खाटंवर धार लागली व्हती." मला फार वाईट वाटलं. पण मी काय करणार?

"तुमी वर जाऊन बघा की, भाऊ. त्या टोकावरून चांदवडचा डोंगर लय छान दिसतो."

मी चार पायांवर चढलो. डोंगर खरोखरच सुरेख दिसत होता. आणखी नीट पाहावा म्हणून एक पाऊल पुढे टाकलं, आणि बुरुजाच्या कडेसकट खाली येऊन मातीच्या ढिगावर बसलो. तोंडात माती, धोतराची दैना.

पाटील धावत आले. दंडक मोडल्याच्या भीतीने मी हात जोडले, "पाटील, माझ्या हातून..."

पाटलांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हातून कुठं? पाहुण्याच्या पायानं पडली. पडली ती पडली! सखूबाई, भर पाटी."

बायका पाट्या घेऊन लोटल्या. माझ्या गुडघ्याची चौकशी त्यानंतर झाली. मग गूळपाणीही मिळालं.

निघताना पाटील मला गढीच्या मागून घेऊन गेले. तिथे चांगल्या दगडी पायऱ्या होत्या. "इकडून का नाय चढलात?" त्यांनी विचारलं. मी वळून पाहिलं. सखूबाई धाब्यावर माती पसरत होती. तिने पदर तोंडाला लावला.

घरी आल्यावर कोट झटकताना बायको म्हणाली, "गढी बघायला गेला होतात की लोळायला?" मी म्हटलं, बुरूज पाडणारे पुष्कळ होऊन गेले, पण गूळपाणी मिळालेला मी एकटाच.

आता बाहेर पाऊस कोसळतो आहे. आमचं कौलारू घर दोन ठिकाणी गळतंय, बायको भांडी लावते आहे, आणि मी मात्र सखूबाईच्या लेकीची खाट यंदा कोरडी असेल, या विचाराने खुशाल हसतो आहे.