डब्यावरचा आकडा

सावेडीत कॉम्प्युटर जोडून देणारा एक माणूस होता, मूळचा कोपरगावकडचा. त्याच्या खिशाला पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर असे. चिपा बनवणाऱ्या दोन परदेशी कंपन्यांबद्दल तो भाऊबंदकी सांगावी तसा बोले. "थोरल्यानं शंभर मेगाहर्ट्झची काढली, तर धाकट्यानं लगीच एकशे तेहतीस. आता थोरला गप बसतोय व्हय?" तो स्वतः धाकट्याच्या बाजूचा.

माझा कॉम्प्युटर त्यानंच जोडला होता. डब्याच्या तोंडावर वेगाचा लाल आकडा दिसे, शंभर. पुढे शेजारच्या वकिलांनी एकशे तेहतीसवाला घेतला. तेव्हापासून शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करताना मला प्रत्येक अक्षर उशिरा उमटतंय असं वाटू लागलं. शेवटी मी त्याला बोलावलं.

त्यानं डबा उघडला, आकड्यामागच्या दोन-तीन बारीक पिना उपसून दुसरीकडे खोचल्या आणि झाकण लावलं. आकडा झाला एकशे पन्नास.

"वेग वाढला?" मी विचारलं.

"वेगाला मी हात लावला न्हाई, सर. आकडा म्हंजे नुसती पाटी हाय. दुखत हुतं तिथं औषध लावलं."

मी चिडलो, पण आकडा पहिल्यासारखा कर, असं काही म्हणालो नाही. अक्षरंही जरा लवकर उमटू लागली. वकील एकदा येऊन तो आकडा बघून गेले.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे चहाला गेलो. त्यांच्या डब्यावर एकशे नव्व्याण्णव होतं. टेबलावर विसरलेला स्क्रूड्रायव्हर मी ओळखला.