बिबड्या, वावटळ आणि माझं स्पॅनिश

स्पॅनिश भाषा, साहित्य आणि संस्कृती या विषयात एम. ए. करणारा आमच्या भावकीतला मी पहिलाच, आणि भावकीचं म्हणणं असं की शेवटचाही मीच असावा.

आमचं घर धुळ्यात, शेती अमळनेर तालुक्यात. वडील (आम्ही त्यांना भाऊ म्हणतो) सरकारी कचेरीत, आणि त्यांचे थोरले बंधू नाना गावी शेती बघतात. भाऊंना कोणी विचारलं की ते "पोरगा पुण्याला फॉरेनचं शिकतो" म्हणून मोकळे व्हायचे. हे फॉरेनचं म्हणजे नेमकं काय, हे भाऊंनाही ठाऊक नव्हतं. नाना मात्र स्पष्टवक्ते. दर सुट्टीत बैल बांधता बांधता आमच्या अहिराणीत विचारायचे, "काय रे पोऱ्या, बैल बिमार पडना त काय त्यान्हासंगे स्पॅनिशमा बोलशी?"

मी बैलापुढे कडबा टाकायला लागायचो.

अशात एक संधी चालून आली. स्पेनमधल्या एका विद्यापीठात सहा महिने शिकायला जायचं. प्रवास, राहणं, जेवण सगळा खर्च त्यांचा. आमच्या विभागातून एकच जागा आणि आम्ही दोघं उमेदवार! दुसरी होती पुण्याचीच एक मुलगी. ती शाळेपासून स्पॅनिश शिकलेली. ती स्पॅनिशमध्ये शिंकतसुद्धा असावी, असा मला दाट संशय होता. भाऊंनी फर्मान काढलं, "मिळाली जागा तर पुढे शीक. नाही मिळाली तर जूनपासून नानाच्या दोस्ताच्या कृषी केंद्रात बस." नानांनी दोस्ताला सांगूनही टाकलं होतं. त्या दुकानात माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. युरियाच्या पोत्यांशेजारी.

मुलाखत ऑनलाइन होती, ऐन मे महिन्यात, दुपारी. (आपली दुपार म्हणजे तिकडची सकाळ. त्या बिचाऱ्यांना धुळ्याची मेची दुपार काय असते याची कल्पनाच नाही.) आमच्या घरात रेंज येते ती फक्त गच्चीवरच्या खोलीत. आणि गच्चीवर त्याच दिवशी आईच्या बिबड्या होत्या.

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो. बिबडी म्हणजे ज्वारीचा पापड. पण आईसमोर त्याला पापड म्हणू नका. तीन दिवस ज्वारी भिजवायची, भरडायची, पहाटे उठून लसूण-मिरची-तीळ घालून पातेलंभर घाटा शिजवायचा आणि गच्चीवर ओल्या धोतरांवर हातानं थापायचा. संध्याकाळपर्यंत कडक ऊन लागतं. वर्षाचं बेगमीचं काम ते.

"आई, एक दिवस पुढे ढकल ना," मी म्हणालो.

"तुझ्या स्पेनला सांग एक दिवस पुढे ढकलायला. माझी ज्वारी तीन दिवस भिजलीये!"

"अगं, माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"आणि वर्षभर खिचडीबरोबर काय खाशील, स्पॅनिश?"

शेवटी तह झाला. मुलाखत चालू असताना गच्चीवर कोणी पाय ठेवायचा नाही. फक्त कावळे हाकायला कुणीतरी हवं म्हणून नाना बसतील. ते गावाहून ज्वारीचं पोतं घेऊन आलेच होते. हातात काठी, डोक्याला ओला पंचा, खोलीच्या खिडकीखाली खुर्ची. "नाना, एक शब्द बोलायचा नाही हं. खोलीत मी एकटाच असलो पाहिजे, असा नियम आहे," मी बजावलं. नाना म्हणाले, "मी काबरं बोलसू? मी काय परीक्षाले बठेल शे?"

ठरल्या वेळी पडद्यावर एक पांढऱ्या केसांच्या, गोड चेहऱ्याच्या प्राध्यापिकाबाई आल्या. त्यांनी विचारलं, तुम्ही एकटेच आहात ना? मी अस्खलित स्पॅनिशमध्ये सांगितलं, "हो, अगदी एकटा."

"हाड्! हाड्!" खिडकीतून आवाज आला.

बाईंनी भुवया उंचावल्या. मी म्हणालो, "वारा आहे."

मग त्यांनी सतराव्या शतकातल्या स्पॅनिश नाटकांतल्या इभ्रतीच्या कल्पनेवर प्रश्न विचारला. मी मनातल्या मनात नाचलो! हे उत्तर मला झोपेतही येत होतं. मी सुरू झालो आणि पाढे म्हणावेत तसं घडाघडा सगळं म्हणून दाखवलं. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "छान. पण हे पुस्तकातलं झालं. आता तुमच्या शब्दांत सांगा."

माझ्या शब्दांत! माझ्याजवळ माझे शब्द असते तर मी पुस्तक कशाला पाठ केलं असतं? मी हसलो. बाई हसल्या. मी परत हसलो. घाम मानेवरून टायच्या गाठीत जिरत होता आणि डोळ्यांपुढे युरियाची पोती दिसायला लागली. मला खरंच रडू येत होतं.

तेवढ्यात नाना ओरडले, "वावटय उनी रे! बिबड्या! पय, पय!"

आता बघा, शिकल्यासवरल्या माणसानं अशा वेळी काय करावं? 'एक मिनिट, बाई' असं तरी म्हणावं. पण लहानपणापासून मेमध्ये ही आरोळी ऐकली की आमच्या घरातला माणूस विचार करत नाही, पळतो. मीही पळालो! खुर्ची एकीकडे, इयरफोन दुसरीकडे. गच्चीभर धुळीचा भोवरा गरगरत होता. धोतरं फडफडत उठली होती आणि वाळल्या म्हणून खाटेवर काढून ठेवलेल्या बिबड्या शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीकडे निघाल्या होत्या. एका धोतरावर मी सरळ आडवा झालो. पांढरा शर्ट, टाय आणि पोटाखाली अर्धवट वाळलेल्या बिबड्या! खालून आई धापा टाकत वर आली आणि मला बघून किंचाळली, "अरे, लोळतोस काय त्यांच्यावर? कडा धर, कडा!"

वावटळ गेली. आम्ही मायलेकांनी कठड्यावरून, टाकीमागून, शेजारच्यांच्या तुळशीतून बिबड्या वेचल्या. आई मोजून म्हणाली, "वाचल्या रे बाबा." आणि तेव्हा मला स्पेन आठवलं. हातातल्या बिबड्या आईच्या पदरात टाकून मी खोलीकडे धावलो.

खोलीच्या दारात पोहोचलो तर लॅपटॉपसमोर नाना! बनियनवर, डोक्याला पंचा, कॅमेऱ्यापुढे एक बिबडी धरलेली.

"हाई ज्वारीनी शे, बाई. ज्वारीनी! भाजीसन खावो, शेंगदाणासंगे. तुमनं जेवण जयं का?"

आणि बाई पोट धरून हसत होत्या! त्यांनी आपला कॉफीचा कप उचलून दाखवला. नाना म्हणाले, "आते चहा? ऊन किती शे!"

"नाना!!" मी ओरडलो.

नाना शांतपणे वळले. "काय नाना? धूय डोयामा गयी म्हनीसन मी मझार खोलीमा उनू, त हाई बाई एकटी बठेल! घरना मानूस उठी गया त पाव्हनासंगे कोनी बोलाले नको का?"

मी त्यांना जवळजवळ उचलूनच बाजूला केलं. माझ्या टायला बिबडी चिकटलेली, केसांत धूळ. बाई म्हणाल्या, "तर तुम्ही एकटेच आहात." आणि पुढे म्हणाल्या, "हा वारा फार प्रेमळ आहे. आता मला सांगा, झालं काय?"

सगळं बुडालंच आहे तर लाज कशाची? मी सांगत सुटलो. आईची ज्वारी, पहाटेचा घाटा, धोतरं, कावळे, वावटळ, सगळं! बिबडीला स्पॅनिशमध्ये शब्द नाही, म्हणून टायवरचीच काढून दाखवली. व्याकरणाची पार चटणी झाली. कावळे एकवचनी, मी अनेकवचनी. बाई मध्येमध्ये विचारत होत्या, मी हात हलवत उत्तरं देत होतो, आणि मागून नाना विचारत होते, "काय म्हनी ऱ्हायनी ती? माले सांग ना!" इभ्रतीचा विषय पुन्हा निघालाच नाही. ती उरलीच कुठे होती?

जागा मला मिळाली. मी पेढे घेऊन गावी गेलो. नाना म्हणाले, "मी बोलनू म्हनीसन तुन्हं काम जयं." मी समजावलं की बाईंना माझं उत्स्फूर्त बोलणं आवडलं असणार. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आणखी एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला.

स्पेनला जाताना आईनं बॅगेत शब्दकोश काढून बिबड्या भरल्या. तिथे बाईंनी विभागातल्या सगळ्यांशी माझी ओळख करून दिली ती "नानांचा पुतण्या" म्हणून.

परत येऊन बराच काळ झाला, तरी मी गावी नानांकडे गेलो की बाईंचा व्हिडिओ कॉल येतोच. मी उचलला की त्या आधी म्हणतात, "नानांना द्या." मग तासभर नाना अहिराणीत आणि बाई स्पॅनिशमध्ये बोलत बसतात. दुभाषा म्हणून मी शेजारी बसायला जातो, तर दोघंही मला हातानं गप्प करतात. नानांचं बोलणं बाईंना कितीही ऐकावंसं वाटतं. माझं स्पॅनिश त्यांनी एकदा ऐकलेलं आहे.